दवाखान्यासाठी ठेवलेला गाऊन

"याला साबण म्हणायचं म्हणे! कुणीतरी नख कापलं आणि इथे विसरून गेलं."

न्हाणीतून मर्डेलचा आवाज आला. ती स्वतःशीच बोलत होती, पण त्या घरात स्वतःशी बोलायची सोय कुणालाच नव्हती. भिंती फळ्यांच्या, फळ्या आजोबांच्या वेळच्या, आणि दोन फळ्यांमध्ये सहज बोट जाईल अशी फट. अलीकडे पायरीवर नारळ किसत बसलेल्या तिच्या थोरल्या बहिणीला, आयसिल्डाला, सगळं ऐकू गेलं.

"टाकू नकोस गं तो," ती किसणीवरून मान न उचलता म्हणाली. "डब्यात ठेव. चारपाच चकत्या जमल्या की ओल्या करून दाबते. नवी वडी होते."

"तुझी वडी होईल तेव्हा होईल. मला आज फेस पाहिजे, आयसी."

"फेस म्हणे! फेसाने मळ निघतो का? मळ घासल्याने निघतो."

"मग घासायला ये आत. मला मेलीला हात वर होत नाही."

हे मर्डेल हसत म्हणाली. हसता हसता तिला ठसका लागला. तो ठसका थांबेपर्यंत आयसिल्डाचा हात किसणीवर तसाच थांबून राहिला, आणि थांबल्यावर पुन्हा चालू लागला.

सेंट एलिझाबेथ परगण्याच्या दक्षिणेला, त्या तांबड्या मातीच्या उतारावर सगळ्यांचीच घरं हात राखून चालायची. पाऊस आला तर टाकीत पाणी, नाही आला तर टाकीच्या तळाशी आपलंच तोंड बघायचं. पण आयसिल्डाची काटकसर त्या गावातसुद्धा बोलायचा विषय होती. तिच्याकडे पाणी एकदा वापरून संपत नसे. अंगावरून उतरलेलं पाणी पत्र्याच्या टोपात जमायचं, त्यात जमीन पुसायचं फडकं बुचकळलं जायचं, आणि इतकं सगळं सोसून गढूळ झालेलं ते पाणी शेवटी थाइमच्या वाफ्याला मिळायचं. नारळ ती तीनदा पिळायची. पहिलं दूध भातात, दुसरं मक्याच्या पेजेत, आणि तिसऱ्याला दूध म्हणणं हा नुसता मनाचा मोठेपणा. पावाची प्लास्टिकची पिशवी धुऊन दोरीवर चिमट्याने टांगलेली दिसली, की रस्त्याने जाणारा ओळखायचा, मिस आयसी घरी आहे.

पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात सोनेरी काठाचे ग्लास होते. त्यातून आजवर फक्त एका पाद्रीबुवांनी लिंबाचं सरबत प्यायलं होतं. तेही अर्धंच. ग्लास त्यांच्या हातात असेपर्यंत आयसिल्डाने त्या हातावरची नजर काढली नाही, त्यामुळे उरलेलं त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मिस आयसीकडचा चहा म्हणजे काय," शेजारचे मास क्लोव्हिस म्हणायचे, "गरम पाण्याची आणि गवती पातीची एकमेकांशी नुसती ओळख करून दिलेली."

असं म्हणायचे आणि रोज संध्याकाळी तोच चहा प्यायला यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं परदेशी. येताना हातात कधी कोनफळाचा तुकडा, कधी नीरफणस, नाहीतर नुसतीच एखादी बातमी. व्हरांड्यातल्या कडेच्या खुर्चीत बसायचे आणि दोघी बहिणींची जुगलबंदी ऐकत राहायचे.

मर्डेलचा हात मात्र पहिल्यापासून सैल. उभं आयुष्य तिने बेटाच्या राजधानीत, किंग्स्टनला, शिवणकामात काढलं. लोकांच्या लग्नाचे झगे शिवले, एक मुलगी वाढवली, आणि डोळे थकल्यावर दोन वर्षांपूर्वी मशीन डोक्यावर घेऊन माहेरच्या घरी परतली. पेटलेल्या चुलीतून विस्तव न घेता नवीन काडी ओढायची. तोंड धुताना तांब्याभर पाणी वाहू द्यायची. आयसिल्डा म्हणायची, "किंग्स्टनची राणी आली. तिकडे नळाला समुद्र जोडलेला होता ना तुझ्या?" मर्डेल म्हणायची, "आणि तू मेल्यावर टाकीतलं पाणी बरोबर नेणार आहेस. मी बघतेय ना, आत्तापासूनच झाकण लावून ठेवलंयस."

ही थट्टा फेब्रुवारीच्या आधीची.

फेब्रुवारीत मर्डेलची मुलगी विनेट मँडेव्हिलहून आली आणि आईला एका दिवसासाठी घेऊन गेली. "धागा आणायचाय," मर्डेल जाताना म्हणाली. "निळा. इथल्या दुकानात मिळत नाही." संध्याकाळी दोघी परतल्या. विनेटचे डोळे सुजलेले होते आणि पिशवीत धागा नव्हता. आयसिल्डाने धाग्याबद्दल विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तिने ताटं वाढली, आणि खारवलेला बांगडा खारट झालाय की नाही यावर तिघी खूप वेळ बोलल्या.

तेव्हापासून घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी एकमेकांपासून ते लपवलं होतं. कुणी म्हणे थंडी बसलीय. कुणी म्हणे पोटात वारा धरलाय, रानकारल्याचा काढा घे. मास क्लोव्हिस तो पाला स्वतः खुडून आणायचे आणि आयसिल्डाच्या हातात देताना दुसरीकडे बघायचे. पण आयसिल्डाकडे घरचं धुणं होतं, आणि धुणाऱ्या बाईपासून काय लपतं? मर्डेलच्या छातीला डाव्या बाजूने बांधायच्या पट्ट्या तिच्याच हाताखालून जात. पिठाच्या पोत्याच्या होत्या त्या, आयसिल्डानेच फाडून शिवून दिलेल्या, कशासाठी ते न विचारता. ती त्या वेगळ्या डब्यात उकळायची आणि घराच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा वाळत घालायची. मर्डेलचे झगेही तिला कळत होते. दर धुण्याला ते आतून थोडे लहान झालेले असायचे. शिवण अशी सफाईने घेतलेली, की बाहेरून कुणाला पत्ता लागू नये.

जूनमधल्या एका बुधवारी, भर दुपारी, आयसिल्डा शेतातून परत आली तर व्हरांड्यात मर्डेल गुलाबी गाऊन घालून तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

आयसिल्डाच्या डोक्यावरचा गवताचा भारा तिथेच खाली पडला.

तो गाऊन साधा नव्हता. तो सुटकेसमधला होता. त्या गावात जिला जिला अब्रू होती, अशा प्रत्येक बाईच्या पलंगाखाली तशी एक सुटकेस असे. तिच्यात न वापरलेला गाऊन, पांढरी चादर, दोन टॉवेल, कागदात गुंडाळलेल्या सपाता, वासाचा साबण आणि पावडरचा डबा. सगळं दवाखान्यासाठी. घरात नेसू नका काही चांगलं, झोपा फाटक्या चादरीवर, पण दवाखान्यात परक्या नर्सने पांघरूण वर केल्यावर खाली पिठाच्या पोत्याचा परकर दिसता कामा नये. अमकी दवाखान्यात गेली तेव्हा तिच्याकडे धड टॉवेलसुद्धा नव्हता, ही गोष्ट तिच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा निघायची. या घरातली सुटकेस दोघींत मिळून एक होती. बर्मिंगहॅमच्या भावाने पाठवलेल्या पार्सलांतून आयसिल्डाने ती वर्षानुवर्षं भरत आणली होती. दर इस्टरनंतर ती सगळं बाहेर काढून उन्हात घालायची, पुन्हा त्याच घड्यांवर दुमडायची आणि आत ठेवायची.

"मर्डेल! काढ तो."

"का? मला शोभत नाही?"

"तो दवाखान्यासाठी आहे."

"दवाखान्यात मला कोण बघणार? एक म्हातारा डॉक्टर, तोही चष्म्याविना." मर्डेलने एक शेंग फोडली. "इथे मास क्लोव्हिस तरी बघतील. हो की नाही हो?"

मास क्लोव्हिस कुंपणापाशी नुकतेच येऊन उभे होते. त्यांनी टोपी काढली. "मिस मर्डेल, तुम्ही मलाच घाबरवलंत. मला वाटलं घरात नवरी आली."

"बघ! आणि तू म्हणतेस काढ."

"अगं, शेंगांचे डाग पडतील! तुरीचा डाग जन्मात जात नाही!"

"जन्मात ना?" मर्डेल म्हणाली. "मग ठीक आहे."

मास क्लोव्हिस टोपीच्या आतल्या बाजूला बघत राहिले. आयसिल्डाने भारा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते."

मर्डेल झोपल्यावर आयसिल्डाने तो गाऊन मिठाने आणि लिंबाने धुतला, सावलीत वाळवला, जुन्याच घड्यांवर दुमडला आणि सुटकेसमध्ये परत ठेवला. आठवड्याने मर्डेलने तो पुन्हा काढला. आयसिल्डाने पुन्हा धुतला. मग न्हाणीत वासाचा साबण निघाला. घरभर लव्हेंडरचा वास, आणि तोही अख्ख्या वडीचा. आयसिल्डाने दोन दिवस तोंड फुगवून काढले. सगळ्या गोष्टी पुढच्यासाठी राखून ठेवायच्या, हे आईने दोघींना सारखंच शिकवलं होतं. एकीला लागलं आणि एकीला नाही, असंच ती समजून चालली. किंग्स्टनचं वारं, दुसरं काय! असं ती मनाशी म्हणायची आणि तसं म्हटल्याने तिला बरं वाटायचं. उधळेपणा हा असा दोष होता की त्यावर भांडता येत होतं.

जुलै लागला. पाऊस नव्हता. टाकीत बांबू सोडला की तो बहुतेक कोरडाच वर यायचा. मर्डेल आता व्हरांड्यापेक्षा पलंगावर जास्त असायची. जेवण म्हणजे पेजेचे चार घोट. ताटातलं उरलेलं आयसिल्डा मुकाट्याने कोंबड्यांपुढे टाकायची. कोंबड्या लठ्ठ होत चालल्या होत्या आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका रविवारी विनेट आली आणि आईच्या खोलीत न जाता आधी स्वयंपाकघरात शिरली. स्वयंपाकघर अंगणाच्या पलीकडे होतं. तिथलं बोलणं घरात जात नसे.

"आंटी आयसी, खाट मिळालीय. पुढच्या सोमवारी. डॉक्टर म्हणाले, घेऊन या."

"घेऊन या म्हणजे... बरं करतील?"

विनेट चुलीतलं लाकूड आत सरकवत राहिली. "तिथे नर्स असतात, आंटी. इंजेक्शन असतं. दुखणार नाही इतकं."

"पण बरं करतील ना?"

"तुम्ही सुटकेस तयार ठेवा. मी रविवारी गाडी घेऊन येते."

आयसिल्डाला एकदम हुरूप आला. हुरूपच म्हणायचा. दवाखाना म्हणजे काहीतरी करायचं होतं. दवाखाना म्हणजे तिची इतकी वर्षांची तयारी कामाला येणार होती. दुसऱ्या दिवशी मर्डेल गुंगीत असताना तिने पलंगाखालून सुटकेस ओढली, आणि ओढतानाच तिला कळलं. सुटकेस पिसासारखी सरकत आली होती.

आत गुलाबी गाऊन होता, तिनेच ठेवलेला. सपाता होत्या. बाकी काही नव्हतं. टॉवेलांच्या जागी टॉवेलांच्या कडा होत्या, कात्रीने सरळ कापलेल्या, गुंडाळी करून नीट ठेवलेल्या. चादरीची फक्त लेस उरली होती. शिवणारी बाई ती. लेस काही तिच्याने टाकवली नव्हती.

मर्डेलचे डोळे उघडे होते.

"मऊ होते गं ते टॉवेल," ती म्हणाली. "तुझी पोती चांगली आहेत, मजबूत आहेत. पण आता सोलून निघतं. तू मागच्या डब्यात उकळतेस, त्यात हे पांढरे तुकडे तुला दिसले नाहीत का?"

दिसले होते. तीन आठवडे ती ते मऊ पांढरे तुकडे हाताने पिळत होती, आणि ते कुठून आले असतील हे तिच्या हातांना कळलं होतं. तिने ते कळणं डोक्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

"मग मला सांगायचं ना. मी दुसरे... मी आपल्या खोलीतला..." पोत्याच्या जाड कापडाचा तो विणीचा खडबडीतपणा तिच्या बोटांना आत्ता, इतक्या उशिरा जाणवला. "आणि चादर? चादर कशाला कापलीस? दवाखान्यात काय घेऊन जाशील तू?"

"काहीच नाही." मर्डेलच्या चेहऱ्यावर लहानपणीसारखं, खोडी पकडली गेल्यावर यायचं तसं हसू आलं. "चांगल्या चादरीशिवाय बाई दवाखान्यात जात नसते. तूच सांगतेस ना गावभर? मग मला कसं पाठवशील?"

आयसिल्डा जमिनीवर बसून राहिली. लेसची गुंडाळी तिच्या मांडीवर. गाऊन, साबण, शेंगा, कितीतरी दिवसांचे ते रुसवेफुगवे, सगळं तिच्यापुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं. ही उधळपट्टी नव्हती. तिची बहीण दवाखान्याकडे जायचे दोर कापत होती, आणि आयसिल्डा स्वतः रोज ते धुऊन, वाळवून, घडी घालून पुन्हा बांधत होती.

"आयसी," मर्डेल हळूच म्हणाली. "तुला मला काही विचारायचं नाही का?"

खोलीत लव्हेंडरचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा वास होता. मर्डेल वाट बघत होती. तिला उत्तर नको होतं. कुणीतरी प्रश्न विचारायला हवा होता. फेब्रुवारीपासून ती या घरात माणसांनी वेढलेली आणि एकटी होती. आयसिल्डाला ते दिसलं. स्वच्छ दिसलं.

"चुलीवर पेज आहे," ती म्हणाली. "लागेल ती." आणि उठून अंगण ओलांडून गेली. चूल विझलेली होती. तिने ती पुन्हा पेटवली. नवी काडी ओढून.

आठवडा गेला. आयसिल्डाने काचेच्या कपाटाची किल्ली फिरवली आणि मर्डेलला सोनेरी काठाच्या ग्लासातून पाणी द्यायला लागली. मर्डेलने ग्लासकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि ग्लास ओठांना लावला. आयसिल्डाने स्वतःचा एकुलता एक चांगला पेटीकोट फाडून पट्ट्या केल्या, पाच वेळा धुऊन मऊ केलेल्या. पाणी तिने मोजायचं सोडलं. मास क्लोव्हिस न सांगता आपल्या टाकीतल्या बादल्या आणून ओतत होते, स्वतःचं शेत वाळत असताना. हे सगळं दोघं करत होते, पण शब्द मात्र कुणाच्याच तोंडून फुटत नव्हता. देण्याघेण्यात मोकळी झालेली ती बाई त्या एका बाबतीत अजून मूठ आवळून होती.

रविवारी विनेट उसन्या गाडीतून आली. दुपारचं जेवण पुढच्या खोलीत झालं. मर्डेलला उशा लावून आरामखुर्चीत बसवलं होतं, गुलाबी गाऊनमध्ये, खांद्यावर तुरीचा एक फिकट डाग. भात आणि घेवडा, पहिल्या दुधाचा. मर्डेलने दोन चमचे खाल्ले आणि सगळ्यांनी ती भरपूर जेवल्याचं कौतुक केलं.

"उद्या सकाळी उन्हाच्या आधी निघू, ममा," विनेट म्हणाली. "आंटी, सुटकेस भरलीत ना?"

"बघू," आयसिल्डा म्हणाली.

"बघू काय? भरलीत ना?"

मर्डेलने ग्लास खाली ठेवला. "मला केक खायचाय," ती म्हणाली.

"केक? उद्या येताना मी मँडेव्हिलमधून..."

"दुकानातला नाही. आपला. काळा. ख्रिसमसचा."

घराघरांतून होतो तसा तो केक आयसिल्डाही करायची. मनुका, प्रून्स, चेरी बारीक चिरून लाल वाइनमध्ये आणि रममध्ये जानेवारीतच बरणीत घालायचे, आणि बरणी डिसेंबरपर्यंत अंधारात ठेवायची. मधे झाकण उघडणं सोडाच, बरणीजवळ उभं राहिलेलंही आयसिल्डाला चालत नसे.

"ममा, हा जुलै आहे," विनेट हसली. हसणं जरा मोठं झालं. "उन्हाने डोकं फिरलं का? डिसेंबरला खाशील की. तू बरी होऊन येशील, मी सुट्टी घेईन, आपण दोघी मिळून लोणी फेटू."

"मिस मर्डेल, केकचं काय घेऊन बसलात," मास क्लोव्हिसही धावून आले. "डिसेंबरात मी तुम्हाला इतका केक खायला घालीन की हा गुलाबी गाऊन उसवून मोठा करावा लागेल. माझी कोंबडी अंडी द्यायला लागलीय आत्तापासून, मी तिला सांगून ठेवलंय."

"हो ना," विनेट म्हणाली. "डिसेंबर काय, आलाच."

"आलाच," मास क्लोव्हिस म्हणाले.

मर्डेलने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती आयसिल्डाकडे बघत होती. आणि मग ते दोघेही आयसिल्डाकडे बघायला लागले, आणि त्यांच्या नजरेत विनवणी होती.

आयसिल्डाला कळलं त्यांना काय हवंय. उभं आयुष्य ज्या जिभेला लोक हसले, ती जीभ आज त्यांना हवी होती. तिने नेहमीसारखं म्हणायचं, काही नाही, फळं अजून मुरली नाहीत, वेळेआधी बरणी उघडली की सगळं फुकट जातं. एवढं म्हटलं की झालं असतं. कुणाला नवल वाटलं नसतं. सगळे हसले असते, मिस आयसीच्या चिक्कूपणाला, आणि डिसेंबर जिथल्या तिथे, सुरक्षित राहिला असता. सोमवारी सकाळी गाडी निघाली असती आणि कुणालाच काही बोलावं लागलं नसतं.

"फळं अजून..." तिने सुरुवात केली.

मर्डेलने डोळे मिटले. रागाने नाही. दार बंद व्हायची सवय झालेलं माणूस मिटतं तसे.

आयसिल्डा उठली. मग बहिणीसमोर जमिनीवर बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. शेतातल्या मातीने भेगाळलेले ते हात मर्डेलला बोचतील म्हणून तिने पकड सैल केली, पण सोडले नाहीत.

"विनेट, सुटकेसमध्ये काही नाही. तिने सगळं संपवलंय, आणि चांगलं केलं. उद्या गाडी रिकामी जाऊ दे. मास क्लोव्हिस, तुम्ही अंडी आणि लाकडं आणा, आज चूल मोठी लागेल."

"आंटी, असं काय करताय..."

"थांब पोरी. मला एकदा बोलू दे, नाहीतर पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही."

मर्डेलने डोळे उघडले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच त्या दोघी एकमेकींकडे सरळ बघत होत्या.

"तू डिसेंबर बघणार नाहीस, मर्डेल," आयसिल्डा म्हणाली. "तू मरते आहेस. आणि मला तुझ्याशिवाय राहता यायचं नाही."